चोविसाव्या आवृत्तीवरचं नाव

"नाव काढ. बाकी कशाला हात लावू नकोस," लिसांद्रो म्हणाला. "कोडमधलं एक अक्षर बदलायला सांगत नाहीये मी. फक्त नाव."

देलिया हुंकोसने थर्मासमधलं गरम पाणी येर्बाच्या सुक्या पाल्याने भरलेल्या भांड्यात ओतलं, नळीने तो कडू घोट खुर्र आवाज येईपर्यंत ओढला, भांडं परत भरलं आणि पुन्हा स्वतःच प्यायली. कोर्दोबात समोर माणूस बसलेला असताना त्याच्याकडे भांडं न सरकवता एकटीने पिणं म्हणजे तोंडावर दार लावणंच. लिसांद्रोला ते कळलं. चौतीस वर्षांचा मॅनेजर, जन्म इथलाच, त्याला न कळून कसं चालेल!

"कुणाचं नाव?" तिने विचारलं.

"पोरखेळ नको, देलिया. तुला माहितीये कुणाचं."

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"लुदुएन्याचं."

"हां. एवेलिओ लुदुएन्याचं. छत्तीसपैकी अकरा पॅचवर त्याचं नाव आहे, कारण ते अकरा त्याने लिहिलेत. उरलेले पंचवीस माझे. तू किती लिहिलेस ते काही विचारत नाही मी, उगीच सकाळी सकाळी."

लिसांद्रो माणूस वाईट नव्हता हो. पण वाईट नसलेली माणसंच अशा वेळी जास्त उपयोगी पडतात, ज्यांना ती हवी असतात त्यांना.

देलिया छप्पन्न वर्षांची. लग्न केलं नाही, त्याबद्दल रडली नाही. तिचं काम कुणाला सांगायची सोय नव्हती. बहीण म्हणायची, "कॉम्प्युटर दुरुस्त करतेस ना गं? मग माझा प्रिंटर तेवढा बघ." एकदा वैतागून तिने बहिणीला स्वयंपाकघरात बसवून सगळं सांगितलं होतं. प्रोग्रॅम एक काम अर्धवट सोडून दुसऱ्या कामाला उठतो, तेव्हा 'परत इथे यायचंय' अशी चिठ्ठी ठेवून जातो. चोर ती चिठ्ठीच बदलतो. बिचारा प्रोग्रॅम काम आटपून घरी निघतो आणि पोचतो चोराच्या दारात. म्हणून नव्या प्रोसेसरांनी एक युक्ती केली. प्रत्येक चिठ्ठीची दुसरी प्रत वेगळ्या कपाटात ठेवायची, आणि त्या कपाटात प्रोग्रॅमला स्वतःलासुद्धा काही लिहिता येत नाही. परतताना दोन्ही प्रती ताडून बघायच्या. जुळल्या तर जा, नाही जुळल्या तर तिथेच खलास.

"मग झालं की," बहीण म्हणाली होती. "प्रोसेसरवाल्यांनी केलं. तू काय करतेस?"

देलिया करत होती ते असं की, एका खऱ्या मशीनच्या पोटात हल्ली वीस-वीस खोटी मशीनं चालतात. प्रत्येकाला वाटतं आपणच खरे. बँका, दवाखाने, सरकारी कचेऱ्या, सगळ्यांचा कारभार या पोटातल्या पाहुण्यांवर. यजमानाला मिळालेला चिठ्ठ्यांचा पहारा पाहुण्यांनाही मिळायला हवा, आणि कुणाच्या चिठ्ठ्या कुणात मिसळता कामा नयेत. ते करणारं सॉफ्टवेअर म्हणजे हे छत्तीस पॅच, मूळ कोडला जोडायचे छत्तीस तुकडे. सहा वर्षं चाललं होतं. एवेलिओने सुरुवात केली, दोघांनी मिळून ओढलं, आणि दोन वर्षांपूर्वी एवेलिओला काढल्यावर ती एकटी ओढत होती.

हे सॉफ्टवेअर कुणा एकाच्या मालकीचं नाही. जगभरातली माणसं ते मिळून लिहितात, तेही उघड्यावर. पॅच लिहिला की पत्रांच्या एका सार्वजनिक यादीवर पाठवायचा, मग फिनलंडचा कोणी, कोरियाचा कोणी येऊन त्याची सालटी काढणार. आपण सुधारून पुढची आवृत्ती पाठवायची. देलियाच्या टेबलावर होती ती चोविसावी. आणि रिवाज असा की, प्रत्येक पॅचच्या माथ्यावर लिहिणाऱ्याचं नाव, आणि पायाशी पाठवणाऱ्याची सही. त्या सहीचा अर्थ असा की, हे कुठून आलं, कुणी केलं ते मला ठाऊक आहे, आणि इथे लिहिलंय ते खरं आहे.

"हे बघ," लिसांद्रो खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाला, "नाव खोडूही नकोस. ते अकरा पॅच एकात एक दाबून टाक. एकत्र केले की लेखक म्हणून आपोआप करणाऱ्याचंच नाव लागतं. नवशिके दर वर्षी ही चूक करतात. कुणी विचारलं तर म्हणायचं, चुकून झालं."

"तेहेतीस वर्षं झाली मला या धंद्यात. मी नवशिकी?"

"देलिया, ही माझी मागणी नाहीये. डॉक्टर ओल्मेदोची आहे."

डॉक्टर म्हणजे कंपनीचा वकील. तिथे वकिलालाही डॉक्टरच म्हणतात. कंपनीने एवेलिओला नऊ वर्षं रीतसर नोकरीवर घेतलंच नव्हतं. रोज त्याच खुर्चीत बसायचं, तेच कार्ड गळ्यात घालायचं, आणि महिन्याअखेर बाहेरच्या माणसासारखं स्वतःचं बिल द्यायचं. एवेलिओने 'मला नोकरीत घ्या' म्हटलं आणि त्याला घरी बसवला. आता खटला उभा होता, आणि कंपनीचं म्हणणं होतं की हा गृहस्थ आमच्याकडे कधी कामालाच नव्हता, अधूनमधून सल्ला द्यायचा, इतकंच. अशा वेळी कंपनीच्या ताज्या कामावर अकरा ठिकाणी त्याचं नाव झळकणं डॉक्टर ओल्मेदोला परवडणारं नव्हतं.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"शुक्रवारी पॅच गेले नाहीत तर प्रकल्प बंद. वरून तसं आलंय. गेले आणि त्याच्या नावाने गेले, तर..." लिसांद्रोने वाक्य सोडून दिलं. "तुला निवृत्तीला चार वर्षं राहिलीत."

"माझं वय मला पाठ आहे," देलिया म्हणाली आणि पडद्याकडे वळली.

खरं तर नावापेक्षाही मोठी एक अडचण होती, आणि ती लिसांद्रोला ठाऊक नव्हती. यादीवरचा हा भाग यानोश नावाचा एक हंगेरियन सांभाळायचा. कमी शब्दांत खवट लिहिणारा, पण सरळ. त्याचं पत्र आलं होतं. 'बाकी ठीक. पण चालू पाहुण्याचं बिऱ्हाड एका मशीनवरून दुसऱ्यावर हलवताना चाळिसातून एकदा पाहुणा मरतो. शुक्रवारपर्यंत वाचवलात तर घेतो.' देलिया आठ दिवस त्यामागे होती. पाहुणा चाळिसातून एकदा मरतच होता.

बुधवारी दुपारी तिने लॅपटॉप पिशवीत घातला आणि सान विसेन्ते वस्तीकडे जाणारी बस धरली.

एवेलिओ आता मेव्हण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचा. दुपारच्या झोपेची वेळ, सगळी गल्ली बंद. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं.

"बंद आहे!" आतून आवाज आला.

"मला खिळे नकोत."

"कोण, हुंकोस? मग तर नक्कीच बंद आहे."

ती वाकून आत शिरली. एवेलिओ काउंटरमागे स्क्रू निवडत बसला होता. त्रेसष्ट वर्षांचा, उंच, पोक काढून बसायची सवय. नऊ वर्षं दोघांची टेबलं समोरासमोर होती, पण दोघं एकमेकांना आडनावानेच हाक मारत. एकमेकांच्या घरी पाऊल टाकलेलं नाही, वाढदिवस माहीत नाही. एकदा एका फंक्शनला काय नाव द्यावं यावरून इतकं बिनसलं की सतरा दिवस अबोला. समोरासमोर बसून दोघं सार्वजनिक यादीवरून एकमेकांना उत्तरं देत होते आणि अख्खं जग ते वाचत होतं. यानोशने शेवटी लिहिलं, 'तुमच्या दोघांच्या मध्ये भिंत आहे का?'

"चोविसावी?" त्याने भांड्यात पाणी ओतत विचारलं. येर्बात त्याने पुदिन्यासारख्या वासाची पेपेरिनाची पानं टाकली होती. तिला ती आवडत नसत. त्याने तरीही टाकली आणि तीही तरीही प्यायली.

"चोविसावी. आणि बिऱ्हाड हलवताना मरतोय."

"किती वेळा?"

"चाळिसातून एकदा."

"म्हणजे क्रम चुकलाय. दाखव."

स्क्रूचे डबे बाजूला सारून तिने लॅपटॉप काउंटरवर ठेवला. एवेलिओने चष्मा कपाळावर चढवला आणि नाक पडद्याला लागेल इतका वाकून वाचू लागला. दहा मिनिटांनी त्याने खिळ्याच्या टोकाने एका ओळीवर टकटक केलं.

"हा क्रम कुणी लावला?"

"मी."

"दिसतंयच."

"लुदुएन्या, टोमणे नंतर. काय झालंय ते सांग."

"नव्या घरात तू आधी पहारेकरी उभा करतेस आणि मग चिठ्ठ्यांचं कपाट आत आणतेस. मधल्या क्षणात पाहुण्याने काम आटपलं तर पहारेकरी चिठ्ठी मागतो, चिठ्ठी अजून दारात. तो बिचारा नेमलेलं काम करतो, मारून टाकतो. आधी कपाट आण. मग पहारा."

देलियाने ओळ पाहिली. तिने कपाळावर हात मारला. आठ दिवस! आठ दिवस ती भलत्याच खोलीत शोधत होती.

"तुम्ही लोक माझ्याशिवाय दोन वर्षं जगलात कसे?" एवेलिओ म्हणाला.

"चाळिसातून एकोणचाळीस वेळा," ती म्हणाली, आणि दोघंही हसले. तिने तिथेच चार ओळी खालीवर केल्या. मग त्या चार ओळींचा वेगळा पॅच बांधला आणि लेखकाच्या जागी त्याचं नाव घातलं. ते त्याने पाहिलं.

"हे नको."

"का?"

"माझ्या वकिलाला कंपनीचं पत्र आलंय. त्यांना माझं नाव कुठेही नकोय. तुझ्यामागे लागले असतील ना?"

"लागलेत."

"मग काढ. अकराच्या अकरा काढ, हा बारावाही. कोर्टाचं कोर्टात बघू. माझ्यापायी तुझी नोकरी गेली तर मला झोप यायची नाही."

"तुला झोप यावी म्हणून मी खोटी सही करू?"

"नाव काय चाटायचंय मला? सबंध जगात ते पॅच चालतील, तेवढं पुरे."

"थोर झालास की अगदी! आणि मी काय, आयत्या बिळावर नागोबा होऊन बसू? बारा पॅचवर माझं नाव, का, तर लिहिणारा भिडस्त निघाला म्हणून?"

एवेलिओने स्क्रूचा डबा उगीचच हलवला. बोलला तेव्हा आवाज वेगळा होता.

"मागच्या महिन्यात पेन्शनच्या खिडकीवर गेलो होतो. तीस वर्षं दाखवावी लागतात. मुलगी चांगली होती गं, लेकीच्या वयाची. म्हणाली, 'साहेब, ही मधली नऊ वर्षं तुम्ही काय करत होतात?' मी म्हटलं, 'झोपा काढत होतो.' काय सांगणार? कागदावर काहीच नाही. त्या दिवशी रस्त्यावर आल्यावर मलाच क्षणभर वाटलं, खरंच होतो का मी तिथे?"

देलियाला या माणसाचा असा राग आला नव्हता कधी, सतरा दिवसांच्या अबोल्यातही नाही. राग त्याचा नव्हता, पण समोर तोच होता.

"होतास," ती म्हणाली. "आणि नऊ वर्षं माझं डोकं खाल्लंस. ते कुणी फुकट खाल्लं म्हणेल तर मी ऐकून घेणार नाही."

"हट्टी आहेस, हुंकोस."

"आत्ता कळलं?" तिने लॅपटॉप पिशवीत टाकला आणि वाकून शटरखालून बाहेर पडली. निरोप घेतला नाही. त्यांच्यात ती पद्धत नव्हती.

गुरुवारभर तिने पाहुण्याचं बिऱ्हाड हलवलं. चाळीस वेळा, चारशे वेळा, चार हजार वेळा. एकदाही मेला नाही.

शुक्रवारी अकरा वाजता लिसांद्रो तिच्या टेबलामागे येऊन उभा राहिला. या वेळी तिने येर्बाचं भांडं त्याच्यापुढे धरलं. त्याने घेतलं. त्याला वाटलं, बाई वळली.

"तयार आहे?"

"तयार. सदतीस पॅच."

"छत्तीस होते ना?"

"बुधवारी एवेलिओने आणखी एक लिहिला. आता त्याचे बारा."

लिसांद्रोने भांडं टेबलावर ठेवलं. "देलिया! मी तुला काय सांगितलं होतं?"

"बस जरा. एक वाचून दाखवते." तिने यादीचं जुनं पान उघडलं. "चार वर्षांपूर्वीचं आहे. नववी आवृत्ती. 'आमच्या टीममधला एवेलिओ आज रजेवर आहे. सोमवारी कामावर आला की तो याला उत्तर देईल.' सही, लिसांद्रो. तूच ना हा?"

लिसांद्रोचा चेहरा उतरला. तेव्हा तो नवीन होता, जगापुढे 'आमची टीम' म्हणताना त्याची छाती फुगली असणार.

"हे... हे काढून टाकता येईल?"

"कुणाला सांगून? या पत्रांच्या प्रती साऱ्या जगात आहेत. मलाही पुसता येत नाहीत, यानोशलाही नाही. डॉक्टर ओल्मेदोला सांग, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही."

लिसांद्रो मूर्ख नव्हताच. म्हणाला, "मग तर उलट सोपं झालं. जुनं सगळं जगासमोर आहेच. त्याला जे सिद्ध करायचंय ते त्यातून होईल. आज तू नाव काढलंस तर त्याचं काय बिघडतं? काहीच नाही. उगीच स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घेतेस?"

बोलणं बिनतोड होतं. देलियाने ते मनात फिरवून पाहिलं, पॅच तपासावा तसं. कुठे चूक सापडेना. पण म्हणून ते पटेना.

"त्याचं नाही बिघडत," ती म्हणाली. "माझं बिघडतं. सही माझी आहे."

"मला दोन मुलं आहेत, देलिया. मी वर काय सांगू?"

"सांग की, मी थांबवत होतो, बाईने ऐकलं नाही. खरं तेच आहे. तुला खोटं बोलायला लावणार नाही मी."

तिने बटण दाबलं. पडद्यावर एकेक ओळ सरकू लागली. पहिला गेला. दुसरा गेला. "थांबव," लिसांद्रो म्हणाला, पण हळूच, स्वतःशी बोलल्यासारखा. आठवा गेला, विसावा गेला. सदतिसावा गेल्यावर तिने टेबलावरचा थर्मास, भांडं आणि येर्बाचं पुडकं पिशवीत भरलं. काढून टाकेपर्यंत वाट बघायची आणि मग खोक्यात सामान भरून सगळ्यांदेखत बाहेर पडायचं, हे तिला जमणारं नव्हतं.

मंगळवारी पोस्टमन कंपनीचं नोंदणी पत्र घेऊन आला. 'आदेशाचा गंभीर भंग. आजपासून सेवा समाप्त.' देलियाने सही करून घेतलं, दोनदा वाचलं, शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या आणि पोस्टात गेली. तिथे कामगाराला मालकाविरुद्ध तार फुकट करता येते. खिडकीवरच्या बाईने विचारायच्या आधीच फॉर्म पुढे केला.

"काढलं?"

"काढलं."

"सुरुवात माहितीये ना?" बाई म्हणाली. रोज लिहून घेऊन तिला पाठच झालं होतं. "'आपले पत्र खोटे, खोडसाळ व गैरलागू म्हणून फेटाळते.' मग पुढे तुमचं काय असेल ते."

"खोडसाळवर जोर देता येतो का?"

"तारेत जोर नसतो, बाई. मोठ्या अक्षरात लिहा हवं तर."

देलियाने मोठ्या अक्षरात लिहिलं.

त्याच संध्याकाळी यानोशचं उत्तर आलं. सहा वर्षं, चोवीस आवृत्त्या, आणि उत्तर दोन शब्दांचं. 'घेतले. धन्यवाद.' सदतीसच्या सदतीस, जिथलं नाव तिथे. तिने ते एवेलिओला पुढे पाठवलं. त्याने एका शब्दात उत्तर दिलं. 'पाहिलं.' ती बहिणीकडे गेली आणि तिचा प्रिंटर दुरुस्त करून दिला. रडू आलं ते तिथे, शाईचे हात धुताना. बहिणीने काही विचारलं नाही. तिने करंजीसारख्या गरम गरम एम्पानादा पुढे ठेवल्या, आणि देलियाने पाच खाल्ल्या.

एवेलिओची सुनावणी मार्चमध्ये लागली. त्याच्या वकिलाने देलियाला आदल्या दिवशी बोलावून घेतलं. यादीवरची पत्रं त्याने छापून आणली होती, हा जाड गठ्ठा, वर लिसांद्रोची ती ओळ.

"गठ्ठा आहे, पण गठ्ठ्याला तोंड नाही," वकील म्हणाला. "न्यायाधीशबाईंना यातलं ओ की ठो कळणार नाही. रोज तो कामाला येत होता, कुणाच्या हुकमाने काम करत होता, हे सांगणारं माणूस हवं. कंपनीतल्या बाकी सगळ्यांनी अंग काढून घेतलं. तुम्ही एकट्याच आहात. म्हणून एक गोष्ट नीट ऐका. सुरुवातीलाच विचारतील, 'वादीशी नातं, वैर, मैत्री आहे का?' नाही म्हणायचं. मैत्री म्हणालात की ओल्मेदो तेच धरून बसेल, मैत्रिणीची साक्ष म्हणून. आणि तुम्हाला तसंही कंपनीने काढलंय."

"मैत्री नाहीच आमची," देलिया म्हणाली. "मी त्याच्या घरीही गेलेले नाही."

"छान. मग प्रश्नच मिटला."

कोर्टाची खोली लहान होती आणि गरम होत होतं. डॉक्टर ओल्मेदो पंख्याखाली बसला होता. एवेलिओ दुसऱ्या बाजूला, मेव्हण्याचा कोट घालून, बाह्या आखूड. देलियाला त्याने डोळ्यानेही ओळख दिली नाही. वकिलाने त्यालाही शिकवलं असणार.

तिने शपथ घेतली. न्यायाधीशबाईंनी कागदावरून मान वर न करता विचारायला सुरुवात केली, आणि बाजूचा कारकून टाइप करू लागला.

"वादीशी रक्ताचं नातं?"

"नाही."

"वैर?"

"कधी कधी."

बाईंनी मान वर केली. "साक्षीदार, हो किंवा नाही."

"नाही."

"मैत्री?"

देलियाने तोंड उघडलं. नाही म्हणायला काहीच हरकत नव्हती. वाढदिवस माहीत नाही, घर माहीत नाही, एकमेकांना आडनावाने हाक मारणारी दोन माणसं. बसमध्ये तिने पाच वेळा म्हणून पाहिलं होतं, सहज जमत होतं. पण समोर तो आखूड बाह्यांत बसला होता, आणि मागच्या दोन वर्षांत कुठलीही गोष्ट अडली की तिच्या मनात पहिला प्रश्न 'लुदुएन्या काय म्हणेल' हाच आला होता. हे ज्याला मैत्री म्हणत नाहीत, त्याला मग काय म्हणतात?

"आहे," ती म्हणाली.

एवेलिओच्या वकिलाने डोळे मिटून घेतले. ओल्मेदो अर्धवट उठलाच. "न्यायाधीशमहोदया, साक्षीदार स्वतःच कबूल करतायत की—"

"ऐकलं मी, डॉक्टर. बसा. मैत्री हा अजून गुन्हा झालेला नाही. साक्ष किती मानायची ते मी ठरवेन."

कारकून चाचरला. चांगल्या मनाचा असावा. "बाई, 'ओळख' लिहू का? 'कामानिमित्त ओळख'?"

"नाही," देलिया म्हणाली. "मैत्री आहे, असं लिहा. आणि मी साक्ष देतेय ती मैत्रीण म्हणून नाही. त्याच्या चुका मी नऊ वर्षं काढल्यात आणि त्याने माझ्या. या माणसाला कामावर पाहिलेलं माझ्याइतकं कुणी नाही. आता विचारा, कुठल्या दिवसाचं विचारायचंय ते. तो कितीला यायचा, कुठे बसायचा, रजा कुणाकडे मागायचा, सगळं सांगते."

कारकुनाने टाइप केलं. देलियाने मान वाकवून पडद्यावरची ती ओळ शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली आणि मगच खुर्चीत सरळ बसली.

"हुंकोस, गाढव आहेस तू," पलीकडून एवेलिओ म्हणाला. त्याचा आवाज धड नव्हता. ते मात्र कुणी लिहून घेतलं नाही.